सोलापुरात बी.एस्सी. फिजिक्सला येताय? पहिल्या वर्षाची तयारी

सोलापुरात गुरुत्वीय त्वरण, म्हणजे ‘जी’, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग नाही. ते ९.७८ च्या आसपास आहे. आपलं शहर उत्तर अक्षांश १७.७ च्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे. विषुववृत्ताकडे पृथ्वी थोडी फुगलेली आहे, तिच्या फिरण्याचा परिणामही इकडे जास्त, म्हणून ‘जी’ इथे जरा कमी भरतो. ९.८१ ही लंडन-पॅरिसकडची किंमत. तरीही दर वर्षी आपल्याकडच्या कितीतरी जर्नलांत (प्रयोगवह्यांत) लंबकाच्या प्रयोगाखाली ९.८१ हेच उत्तर येतं, कारण पोरं आधी उत्तर लिहितात आणि मग रीडिंग बसवतात.

मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. सरांनी जर्नल बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “चल, माझ्यासमोर वीस दोलनं मोज.” मोजली. जर्नलातल्या आकड्याशी जुळेनात. त्या दिवशी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. आज मी याच विषयाची मुलं शिकवतो आणि जून-जुलैत फिजिक्स घ्यायचं ठरवून आलेल्या प्रत्येकाला जे सांगतो, ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड बघणाऱ्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

प्रवेशाआधी

कागदपत्रांची फाइल निकालाच्या आधी लावा. बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे सगळ्यांनाच लागतं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांना तहसीलकडून वेळ लागतो, म्हणून ते एप्रिल-मेमध्येच टाकून ठेवा. मध्ये एक वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या बोर्डातून येणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवल्या की प्रवेशाच्या दिवशी दुकानासमोरच्या रांगेत दुपार जात नाही.

कॉलेज बघताना लोक इमारत बघतात. तुम्ही तीन गोष्टी विचारा. फिजिक्सची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? फीमध्ये मोठा फरक पडतो. प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्ये किती मुलं असतात आणि एका सेटवर किती? आणि तिसऱ्या वर्षाला फिजिक्स मेजर तिथे चालू आहे का? काही ठिकाणी पहिल्या दोन वर्षांना फिजिक्स असतं, पण तिसऱ्या वर्षाला मुलं नसल्याने तुकडी चालत नाही, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शहरात दयानंद, संगमेश्वर, वालचंद ही जुनी नावं. दयानंद १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी आपली कॉलेजं जोडली गेली, आणि १ ऑगस्ट २००४ ला एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पुणे रस्त्यावर केगावला त्याचा परिसर आहे. शहरातली काही महाविद्यालयं आता स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा ती स्वतः ठरवतात. म्हणून दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राचा सिलॅबस तुमचाच आहे असं धरून चालू नका. आपल्या कॉलेजच्या वेबसाइटवरून आपल्या वर्षाचीच पीडीएफ उतरवा, तिची प्रिंट काढा आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

शिष्यवृत्तीचं तिथल्या तिथे सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त राहून जातं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. आरक्षित प्रवर्गांच्या योजना आहेतच, खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात राहणारे अटींत बसत असतील तर त्यांच्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही येत नाहीत. अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. कॉलेजच्या लॉगिनला तो पुढे सरकला का, हे दर पंधरवड्याला ऑफिसात जाऊन विचारा.

विषय निवडताना

नवीन शैक्षणिक धोरणामुळे फॉर्मवर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोड विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) अशी अक्षरांची रांग दिसते. घाबरू नका. सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२ आणि चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर १७६. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सत्रात साठ तास लॅबमध्ये उभं राहायचंय, हा हिशोब मनात असू द्या. मिळवलेले क्रेडिट तुमच्या एबीसी (क्रेडिटच्या ऑनलाइन बँकेतल्या) खात्यात जमा होतात, म्हणून ते खातं पहिल्या महिन्यातच उघडा आणि त्यातलं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय हे बघा.

फिजिक्सबरोबर काय घ्यायचं? माझं उत्तर ठाम आहे: गणित घ्या. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स चालेल, फिजिक्स-मॅथ्स-इलेक्ट्रॉनिक्स चालेल, स्टॅटिस्टिक्स असेल तर तेही चालेल, पण गणित सोडून फिजिक्स मेजर घ्यायचा विचार असेल तर तो आजच काढून टाका. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह येतात, तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स, आणि तिथे गणिताशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. बारावीला बायोलॉजी घेऊन आलेली काही मुलंही फिजिक्सकडे वळतात. त्यांना दार बंद नाही, पण पहिल्या वर्षी त्यांना दुप्पट बसावं लागेल, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

पहिला महिना गणिताचा

पहिले चार आठवडे वर्गात गाडी हळू चालते. प्रवेश चालू असतात, वेळापत्रक बदलत असतं, निम्मी मुलं यायची असतात. हाच महिना हातात घ्या. रोज अर्धा तास, वहीत, पेन्सिलीने. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनचे नियम पुन्हा, व्हेक्टरचा डॉट आणि क्रॉस, त्रिकोणमितीची सूत्रं, लॉगॅरिदम, कॉम्प्लेक्स नंबर. नवीन काही नाही, बारावीचंच, फक्त आता ते हाताच्या बोटांत असायला हवं.

मग एक समीकरण घट्ट धरा: ‘बदलाचा वेग, जेवढं शिल्लक आहे त्याच्या प्रमाणात.’ कपॅसिटर डिस्चार्ज होताना हेच होतं. किरणोत्सारी पदार्थ विघटित होताना हेच. टपरीवरचा चहा निवताना त्याचं आणि हवेचं तापमान यातला फरकही याच रीतीने कमी होतो. म्हणून पहिल्या मिनिटाला चहा पटकन निवतो आणि नंतर कोमट होऊन बराच वेळ तसाच राहतो. हे एक डिफरन्शियल इक्वेशन स्वतः सोडवता आलं की अभ्यासक्रमातले तीन वेगवेगळे धडे एकाच बैठकीत होतात. पाठांतर करणाऱ्या मुलाला ते तीन धडेच राहतात, आणि परीक्षेत तीनपैकी एक हमखास विसरतो.

डेरिव्हेशन वाचून होत नसतं. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि पहिल्या ओळीपासून लिहा. जिथे हात थांबेल तिथे पुस्तक उघडा, तेवढीच ओळ बघा, पुन्हा मिटा. पहिल्यांदा सहा वेळा उघडावं लागेल, दुसऱ्या दिवशी दोनदा. बी.एस्सी.ला खासगी क्लास लावायची गरज मला दिसत नाही. तेच पैसे खानावळीला किंवा एखाद्या चांगल्या पुस्तकाला लावा.

लॅब: इथे जरा थांबून वाचा

लॅबमध्ये जाताना सोबत काय असावं: प्रयोगाची रफ वही, शार्पनर आणि टोकदार पेन्सिल, तीस सेंटिमीटरची पट्टी, ग्राफ पेपर, सायंटिफिक कॅल्क्युलेटर. कॅल्सी डिग्री मोडमध्ये आहे की रेडियनमध्ये हे दर वेळी बघा. स्पेक्ट्रोमीटरच्या (प्रकाशकिरणांचे कोन मोजणाऱ्या उपकरणाच्या) प्रयोगात साइन काढताना रेडियन मोड राहिला म्हणून अख्खी गणना वाहून गेलेली मी दर वर्षी बघतो. रीडिंग सुट्या कागदावर घेऊ नका. तो कागद हरवतो, आणि मग खोटं रीडिंग लिहिण्याशिवाय मार्ग राहत नाही.

प्रत्येक उपकरणाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, आधी काढा आणि पानाच्या वर लिहा. साध्या व्हर्नियरचा ०.०१ सेंटिमीटर, स्क्रूगेजचा ०.०१ मिलिमीटर, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा बहुतेक ०.००१ सेंटिमीटर. पण ‘बहुतेक’ वर विसंबू नका, समोरच्या उपकरणाचे भाग मोजा. झिरो एरर बघा. स्क्रूगेज मिटल्यावर शून्य शून्यावर येत नसेल तर ते उपकरण वाईट नाही, तेवढं वजा किंवा अधिक करायचं असतं एवढंच.

आता लंबक. सगळ्यात साधा प्रयोग आहे म्हणून मुलं पंधरा मिनिटांत उरकतात. एक मीटर लांबीचा लंबक घ्या. सोलापूरच्या ९.७८ ने हिशोब केला तर वीस दोलनांना ४०.१८ सेकंद लागायला हवेत. ‘जी’ ९.८१ असता तर ४०.१२ सेकंद लागले असते. फरक किती? सेकंदाचा साधारण सोळावा भाग. आणि तुमचं बोट स्टॉपवॉचच्या बटणावर जायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे वीस दोलनांवरून ९.७८ आणि ९.८१ यातला फरक सांगणं शक्यच नाही! ज्याच्या जर्नलात वीस दोलनांवरून नेमकं ९.८१ आलंय, त्याने ते मोजलेलं नाही. तुमचं उत्तर ९.७ आलं किंवा ९.९ आलं तर ते या मापाला शोभणारंच आहे, तसंच लिहा आणि पुढे चूक किती असू शकते तेही लिहा.

फरक खरंच बघायचाय? दोनशे दोलनं मोजा. मग ४०१.८ आणि ४०१.२ असा अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक होतो, तो बोटाच्या चुकीपेक्षा मोठा आहे. सात मिनिटं लागतील. मधे मोजणी चुकू नये म्हणून दोघांनी बसा, एकाने दर दहाला कागदावर रेघ ओढावी. आणि तीन गोष्टी सांभाळा. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, दोऱ्याच्या गाठीपर्यंत नाही. गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर असेल आणि ती विसरलात तर ‘जी’त एक टक्क्याची चूक आलीच. दोरा ताणला जाणारा नको, आणि लांबी गोळा टांगल्यावर मोजायची, आधी नाही. लंबक फार लांब खेचून सोडायचा नाही: दहा अंशांनी खेचलात तर नुसत्या तेवढ्यानेच ‘जी’ जवळजवळ ०.४ टक्क्याने कमी येतो, म्हणजे आपण शोधतोय त्या फरकापेक्षा जास्त. चार-पाच अंशांच्या आत ठेवा.

ही सगळी खटपट कशासाठी, असं कुणी विचारतं. यासाठी की तुम्ही केलेलं माप किती भरवशाचं आहे हे तुम्हाला स्वतःला कळावं. पदवीच्या तीन वर्षांत एवढं एक आलं तरी तुमचा हात इतरांपेक्षा वेगळा पडतो, मग तुम्ही एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला जा की संशोधनाला.

स्पेक्ट्रोमीटरकडे वळू. मुख्य वर्तुळावर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा असतात आणि व्हर्नियरवर तीस भाग, म्हणून लीस्ट काउंट एक मिनिट. समजा व्हर्नियरचा शून्य ३८ अंशांच्या पुढच्या छोट्या रेघेच्याही पुढे गेलाय आणि बारावी रेघ जुळतेय. रीडिंग काय? पोरं घाईत ३८ अंश १२ मिनिटं लिहितात. ती छोटी रेघ अर्ध्या अंशाची, म्हणजे तीस मिनिटांची, म्हणून रीडिंग ३८ अंश ४२ मिनिटं. ही एकच चूक नव्वद टक्के गोंधळाच्या मुळाशी असते असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. टेबलात ‘मुख्य’, ‘व्हर्नियर’ आणि ‘एकूण’ असे तीन रकाने वेगळे ठेवलेत तर ती टळते. व्हर्नियरच्या दोन्ही खिडक्यांतून रीडिंग घ्या, एका खिडकीवर भागवू नका.

जुळवणी करताना आधी आयपीस फिरवून क्रॉसवायर स्पष्ट करा, मग दुर्बीण खिडकीबाहेरच्या लांबच्या विजेच्या खांबावर किंवा पाण्याच्या टाकीवर लावा. टाकी उलटी दिसेल, ते बरोबरच आहे. त्यानंतर दुर्बिणीचा फोकस हलवायचा नाही. प्रकाश आत येतो ती फट धूसर दिसली तर कॉलिमेटर (दिव्याकडची नळी) हलवा. शेजारच्या सेटवरच्या मित्राला चष्मा असेल आणि त्याने तुमच्या दुर्बिणीतून बघून फोकस फिरवला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सोडियमचा दिवा लावल्याबरोबर लालसर दिसतो आणि चार-पाच मिनिटांनी पिवळाधमक होतो. तोवर थांबा. मधेच बंद-चालू करू नका, त्याने दिवा लवकर बिघडतो. त्याच्या पिवळ्या रंगात खरं तर दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. चांगल्या ग्रेटिंगमधून (बारीक समांतर रेघांच्या काचेतून) दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे मधल्या प्रतिमेपासूनच्या दुसऱ्या प्रतिमेत, त्या वेगळ्या दिसतात. त्या पहिल्यांदा वेगळ्या दिसल्या की कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटतं, जरूर दाखवा.

याच पिवळ्या रंगाची आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणातल्या विजयदुर्गावरून आत शिरली, आपल्या दक्षिणेला विजापूरवरून गेली आणि पुढे गुंटूरकडे. गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ स्पेक्ट्रोस्कोप लावून बसला होता. सूर्याच्या ज्वालांत त्या वेळी एक पिवळी रेषा दिसली. बघणाऱ्यांना ती आधी सोडियमचीच वाटली. पण नीट मोजल्यावर ती सोडियमच्या जागेवर बसेना, जराशी बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरला. हेलियमची ती पहिली खूण होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं. कुणी तेव्हा रीडिंग ‘बसवून’ टाकलं असतं तर?

विजेच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. सर्किट जोडा, सरांना किंवा मॅडमना दाखवा, मगच स्विच. मीटरची रेंज आधी सगळ्यात मोठी ठेवा. झेनर डायोडला सिरीज रेझिस्टन्स विसरलात तर डायोड जातो. गेला तर लगेच सांगा, लपवून पुढच्या बॅचच्या माथी मारू नका. लॅबमधल्या मामांशी नीट वागा. कोणता मीटर अडकतो, कोणत्या सेटचा प्रिझम खरचटलाय, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं सरांनाही नसतं.

जर्नल त्याच आठवड्यात लिहून सर्टिफाय करून घ्या. सत्राच्या शेवटी बारा प्रयोग एका रात्रीत उतरवणाऱ्याला व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) “हा ग्राफ सरळ का आला?” असं विचारलं की तोंड उघडत नाही. ग्राफचा स्लोप काढताना रीडिंगचे बिंदू घेऊ नका, रेषेवरचे लांब-लांबचे दोन बिंदू घ्या.

इंग्रजीचं ओझं

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग अकरावीला एकदम इंग्रजी, अशी बरीच मुलं आपल्याकडे आहेत. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशीही कितीतरी. त्यांना मी सांगतो, विचार आपल्या भाषेतच करा. वहीच्या मागच्या चार पानांवर दोन रकाने आखा. मोमेंटम म्हणजे संवेग, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, इंटरफिअरन्स म्हणजे व्यतिकरण, डिफ्रॅक्शन म्हणजे विवर्तन. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द इथे उपयोगी पडतात. आधी मराठीत मित्राला समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा. उत्तरपत्रिकेत लांबलचक वाक्यांना मार्क नसतात. व्याख्या, आकृती, समीकरण, त्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एकक, एवढं नीट आलं की इंग्रजीची भीती निम्मी होते. वर्गात शंका मराठीतच विचारा, बहुतेक सर मराठीतच उत्तर देतात.

वेळेचं गणित

प्रॅक्टिकलच्या बॅचा दुपारी असतात आणि संध्याकाळपर्यंत लांबतात. गावाकडून एसटीने येणाऱ्यांनी बॅच ठरतानाच सांगावं की आपली गाडी किती वाजताची. पहिल्या आठवड्यात बदल सहज होतो, नंतर होत नाही. एसटीचा विद्यार्थी पास पहिल्याच आठवड्यात काढा, कॉलेजच्या शिक्क्याचा कागद लागतो. शहरात राहायचं असेल तर खोली कॉलेजपासून चालत येण्याजोगी बघा. भाडं शे-दोनशे जास्त पडलं तरी रिक्षाचे आणि उन्हातल्या हालांचे पैसे वाचतात. मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राची परीक्षा जवळ येते तेव्हा इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी अभ्यास होत नाही. कॉलेजची अभ्यासिका किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा आधीपासून धरून ठेवा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी असली की खानावळीच्या वेळा पाळायची गरज उरत नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, ती चुकवू नका, पण राहिलेलं सबमिशन आधी उरका.

परीक्षेसाठी मागच्या चार-पाच प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स वापरायच्या तर वापरा, पण त्यातल्या डेरिव्हेशनमध्ये अधिक-उण्याच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या आहेत. पुस्तकाशी ताडून बघा. अंतर्गत परीक्षेचे मार्क हलके समजू नका, एटीकेटी (राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं) लागणारी बरीच मुलं तिथेच घसरलेली असतात.

वर्गाबाहेर

आपलं शहर कापडाचं. चादर आणि टॉवेलवर वाढलेल्या गावात विवर्तन शिकायला ग्रेटिंग विकत घ्यायला नको. रात्री गच्चीवर जा, बारीक विणीची ओढणी किंवा छत्रीचं कापड डोळ्यासमोर ताणून धरा आणि लांबच्या एकट्या रस्त्याच्या दिव्याकडे बघा. दिव्याभोवती अधिकच्या चिन्हासारखे ठिपके पसरलेले दिसतील, कडांना रंग असतील. उभ्या धाग्यांनी आडवे ठिपके दिले, आडव्यांनी उभे. कापड तिरकं फिरवा, ठिपकेही फिरतील. १७८५ साली फिलाडेल्फियात एकाने रेशमी रुमालातून रस्त्याचा दिवा असाच बघितला आणि तिथले शास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना विचारलं की हे काय. रिटनहाउस यांनी मग दोन बारीक आट्यांच्या स्क्रूंवर पन्नासेक केस ताणून आपलं ग्रेटिंग केलं. घरात किंवा शेजारी पॉवरलूम असेल तर तुम्हाला एका सेंटिमीटरमध्ये किती धागे हे विचारता येईल, आणि मग ठिपक्यांच्या अंतरावरून तोच आकडा काढून ताडता येईल. हा प्रयोग मी ज्या ज्या मुलाला करायला लावला, तो विवर्तनाचा धडा परत विसरला नाही.

केगावजवळ पुणे रस्त्याला विज्ञान केंद्र आहे, पहिल्या सत्रातच एकदा जाऊन या. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला तो दिवस. त्या सुमारास पुण्यातलं आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) सगळ्यांसाठी खुलं असतं. पाच-सहा जणांनी मिळून इंटरसिटीने गेलात तर एका दिवसात होतं.

इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सची एनजीपीई ही पदवीच्या मुलांची परीक्षा जानेवारीच्या सुमारास असते. पहिल्या वर्षी नंबर येणार नाही, तरी बसा. प्रश्न कसे विचारतात हे कळतं. तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅम: तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटीतल्या एम.एस्सी.चा तो रस्ता आहे. त्यातला मोठा भाग पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिक्स, ऑप्टिक्स, वीज-चुंबकत्व आणि गणिताचा असतो, म्हणून आत्ताच्या वह्या रद्दीत घालू नका. केगावला आपल्याच विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्स होतं. बी.एड. करून शाळेत जायचं असेल तर तेही चांगलंच, आपल्या तालुक्यांतल्या शाळांना प्रयोग करून दाखवणारे शिक्षक हवेच आहेत.

आणि पहिलं वर्ष संपलं की मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घरी असाल, तेव्हा एक करा. त्या दिवसांत सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावरून जातो. पुन्हा तसाच ऑगस्टच्या सुरुवातीला जातो, पण तेव्हा ढग असतात. अंगणात सपाट जागी ओळंब्याने तपासून एक सरळ नळी उभी करा, दुपारी सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा आणि पाऊण वाजेपर्यंत थांबा. सावली सगळ्यात लहान किती वाजता झाली, ते घड्याळातल्या बारापासून किती दूर आहे आणि का, याचं पान तयार करून दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला घेऊन या. जे दिसलं तेवढंच लिहून आणा.